धनावर बसलेला

मराठी फँटसीतला ड्रॅगन आता मला दुरूनही ओळखू येतो. तो बर्फाच्या डोंगरात गुहा करून राहतो. डोळे पिवळे नाहीतर हिरवे, पंख वटवाघळाचे. नाव अग्नी, ज्वाला किंवा काळ या शब्दांना काहीतरी शेपूट लावून तयार केलेलं. डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य असतं आणि त्या राज्यात एक अनाथ मुलगा असतो, ज्याच्या हातावर जन्मखूण असते. मोबाइलवर वाचायच्या हौशी कथांपासून छापील बालकादंबऱ्यांपर्यंत असे डझनभर ड्रॅगन मी वाचले असतील. लिहिणारी मंडळी बहुतेक माझ्याच वयाची, हॅरी पॉटर वाचून आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' बघून वाढलेली. त्यांची हौस खरी आहे, काहींची भाषाही चांगली आहे. पण कथा संपल्यावर एक साधा प्रश्न उरतो. नायक येईपर्यंत हा प्राणी तिथे काय करत होता?

बहुतेक कथांमध्ये याचं उत्तर 'वाट बघत होता' एवढंच असतं. नायकाला मारायला किंवा बसायला काहीतरी हवं, म्हणून तो आहे. व्हिडिओ गेममध्ये दार उघडेपर्यंत शेवटचा शत्रू एकाच जागी श्वास घेत उभा असतो, तसा.

माझं म्हणणं असं की ड्रॅगन रचताना पंख किती आणि पाय किती हे शेवटी ठरवावं. आधी ठरवावं ते हे, की तो कशावर बसला आहे. मराठीत लिहिताना हा प्रश्न जास्त अवघड होतो, कारण आपल्याकडे तो अजून उठलेला नाही.

पंखांचा आणि पायांचा मोह मला चांगला समजतो. मी इंजिनिअर आहे. आमच्या अभ्यासक्रमात कंपायलर नावाचा विषय असतो आणि त्यावरच्या एका पुस्तकाला जगभर 'ड्रॅगन बुक' म्हणतात. एहो, सेठी आणि उलमन यांच्या १९८६च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लाल ड्रॅगन आहे, समोर चिलखत घातलेला सरदार आहे, आणि ड्रॅगनचं नाव चक्क 'कंपायलर रचनेची गुंतागुंत' असं दिलेलं आहे. विदर्भातल्या कितीतरी पोरांनी आपला पहिला छापील ड्रॅगन परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सवर पाहिला असेल, म्हणजे काळापांढरा. तो ड्रॅगनही गंमत म्हणून ठीक आहे, पण तो रूपक आहे आणि रूपकाला भूक लागत नाही.

इंजिनिअरी ड्रॅगनांची परंपरा मोठी आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला आणि ड्रॅगनचा तक्ता झाला. लाल आग ओकतो, पांढरा थंडी, निळा वीज, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू. आमच्या भाषेत सांगायचं तर ड्रॅगन हा क्लास, रंग ही त्याची प्रॉपर्टी. दुसरा टोकाचा नमुना म्हणजे पीटर डिकिन्सनचं १९७९चं 'द फ्लाइट ऑफ ड्रॅगन्स'. एवढं धूड उडतं कसं, याचं त्यात उत्तर आहे: पोटातलं आम्ल हाडांतल्या कॅल्शियमवर काम करतं, हायड्रोजन तयार होतो, त्या वायूने ड्रॅगन फुग्यासारखा तरंगतो आणि जास्तीचा वायू जाळून टाकतो, तीच आग. हे वाचताना मला फार मजा आली होती. उड्डाण आणि आग हे दोन प्रश्न एकाच यंत्रणेत सुटतात, याला आमच्याकडे सुंदर डिझाइन म्हणतात. मात्र या ड्रॅगनची गोष्ट सांगायला बसलं की कळतं, गोष्टीला लागणारं काहीच आपल्या हातात आलेलं नाही. पीटर जॅक्सनच्या 'हॉबिट' चित्रपटांतल्या स्माउगला पाय दोन असावेत की चार, यावर चाहते भांडले. स्माउगला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

स्माउगला फरक पडतो तो एका पेल्याने. १९३७च्या 'हॉबिट'मध्ये बिल्बो सोन्याच्या ढिगातून एकच पेला उचलून नेतो, आणि ज्याचा त्याला काही उपयोग नाही असा तो पेला गेला म्हणून स्माउग पेटून उठतो. टोल्किनने हा प्रसंग 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातून घेतला. तिथेही तीनशे वर्षं खजिन्यावर पडून असलेल्या ड्रॅगनचा एक पेला चोरीला जातो, तो गावं जाळत सुटतो, म्हातारा राजा त्याला मारतो आणि स्वतः मरतो. मग लोक ते सोनं राजाबरोबर पुन्हा मातीत पुरून टाकतात. जिवंत माणसांच्या हाती ते येतच नाही. 'हॉबिट' येण्याच्या आदल्या वर्षी, १९३६ साली, टोल्किनने 'बेवुल्फ'वर एक गाजलेलं व्याख्यान दिलं. समीक्षक या काव्यातल्या राक्षसांना पोरकट समजून बाजूला सारतात, खरं तर तेच काव्याच्या मध्यभागी आहेत, असा त्याचा मुद्दा होता. मराठीत फँटसीला अजून 'मुलांसाठी' या कप्प्यात ढकलतात, तेव्हा हे व्याख्यान आठवतं.

उत्तरेकडच्या कथांमधला आणखी एक, फाफनिर. तो जन्माने ड्रॅगन नाही. बापाला मारून सोनं घेतो, ते घेऊन एकटाच रानात जातो, त्यावर पडून राहतो आणि ड्रॅगन होतो.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला आधीच माहीत होती. मंगरूळपीरला आमच्या आजीने सांगितलेली. तिच्या गोष्टीत आइसलँडऐवजी पडका वाडा होता आणि वाड्याच्या एका खोलीत पुरलेला हंडा. हंड्यावर नाग, तोही साधा नाही, म्हातारा, अंगावर केस आलेला. हा नाग म्हणजे त्या घरचाच कुणीतरी कंजूष पुरुष, ज्याने हयातीत कुणाला छदाम दिला नाही. "त्याचा जीव तिथंच अटकला ना बापू," एवढं आजीचं स्पष्टीकरण. ते मला डिकिन्सनच्या हायड्रोजनपेक्षा पटतं. धनावरचा नाग महाराष्ट्रात गावोगाव सांगतात, त्यामुळे हे आमच्या गावाचं वैशिष्ट्य मुळीच नाही. पण ड्रॅगन ही आपल्याकडे नसलेली, बाहेरून आणावी लागणारी वस्तू आहे, हा समज इथेच संपायला हरकत नाही. पंख आणि आग सोडली तर सगळं सामान घरात आहे.

हे सामान वापरून कुणी काही केलं का? केलं, आणि फार चांगलं केलं, पण ते मराठीत नाही आणि पुस्तकातही नाही. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आला. चित्रपट हिंदी, भूमी कोकणची, गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीच्या शीर्षकातून आलेलं आणि मूळ बीज नारायण धारपांच्या एका गोष्टीतलं. त्याला सगळे भयपट म्हणतात. मी त्याला आपल्याकडची आजवरची सगळ्यात नीट रचलेली ड्रॅगनकथा म्हणेन.

हस्तरकडे बघा. समृद्धीच्या देवीचा हा थोरला मुलगा. देवीकडे सोनं आहे आणि धान्य आहे. त्याने सोनं घेतलं, धान्याकडे हात केला तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला फाडायला घेतलं, आणि आईने त्याला पोटात लपवून वाचवलं. म्हणजे तो सोन्यासकट कायमचा कोंडलेला आहे आणि कायमचा उपाशी आहे. त्याला फसवायचं असेल तर कणकेची बाहुली न्यायची; तो ती खात असताना लंगोटातून मोहरा ओढायच्या. स्माउग सोन्यावर का झोपतो, हे टोल्किन सांगत नाही. ड्रॅगनचा तो स्वभावच, म्हणून सोडून देतो. हस्तरच्या बाबतीत स्वभावाचं कारण रचनेतच आहे: सोनं खाता येत नाही. दुष्काळाची आठवण असलेल्या समाजालाच असा राक्षस सुचू शकतो, असं मला वाटतं. पश्चिमेच्या ड्रॅगनला कुणी पीठ देऊन फसवल्याचं माझ्या वाचनात नाही.

दुसरी गोष्ट रचनेची. विनायकराव हस्तरला मारायला जात नाही. तो पुन्हा पुन्हा जातो, मूठभर आणतो, पुण्यात मजा मारतो, संपलं की परत जातो. नोकरीसारखं. १९१८ ते १९४७ या काळात चित्रपट घडतो, बाहेर देश बदलतो आणि हा माणूस तेच करत राहतो. शेवटी मुलाच्या हावेपायी एकाऐवजी ढीगभर बाहुल्या नेतात, तर जेवढ्या बाहुल्या तेवढे हस्तर उतरतात. ड्रॅगन इथे हावेच्या प्रमाणात वाढतो. आणि बाप स्वतःच तो होऊन लंगोट पुढे करत बाहेर येतो, तेव्हा फाफनिरची गोष्ट पूर्ण होते. आजीची पण.

दोष आहेत. देवीची सुरुवातीची पुराणकथा निवेदनातून भराभर उरकली आहे, आणि स्त्रिया जवळजवळ सगळ्या वाट बघण्यासाठी किंवा भोगण्यासाठी आहेत. पण 'मराठी मातीतला ड्रॅगन कसा असेल' असं कुणी विचारलं तर सध्या बोट दाखवायला हाच आहे.

मग मराठीत लिहिणारे त्याच्याकडे न जाता बर्फाच्या डोंगरात का जातात? आळस, अनुकरण ही सोपी उत्तरं आहेत आणि ती थोडीफार खरीही आहेत. मला वाटतं त्यांच्याखाली आणखी एक कारण आहे, जे लिहिणाऱ्याला स्वतःलाही जाणवत नसेल. बर्फातला ड्रॅगन सुरक्षित आहे. त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.

टोल्किनची कल्पना अशी की फँटसीचं जग दुय्यम जग असतं; वाचक आत जातो, तिथलं खरं मानतो आणि बाहेर येतो. बाहेर येण्याची वाट मोकळी असते, कारण ऑक्सफर्डमध्ये कुणी स्माउगचं सोनं शोधायला डोंगर खणत नाही. आमच्याकडे खणतात. गुप्तधनासाठी अघोरी पूजा, नरबळीचे प्रयत्न, पायाळू माणसाला गाठून खड्ड्याशी नेणं, या बातम्या विदर्भातल्या वाचकाला नव्या नाहीत. मांडूळ नावाचा बिनविषारी, निरुपद्रवी साप, ज्याला लोक दुतोंड्या म्हणतात, तो धन दाखवतो या समजापायी पकडला आणि विकला जातो. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली त्याच वर्षी, जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत शोधण्याच्या नावाखाली केलेल्या अघोरी कृत्यांची नोंद आहे. सोनं आणि पाणी. ड्रॅगन ज्या दोन गोष्टींवर बसतो त्याच दोन कायद्याने नेमक्या टिपल्या आहेत.

अशा ठिकाणी 'हंड्यावरचा केसाळ नाग' लिहिणं ही निव्वळ कल्पनेची भरारी राहत नाही. गोष्ट चांगली झाली तर ती कुणाच्या तरी समजुतीला बळ देऊ शकते. वाईट झाली तर अंधश्रद्धेवरचा धडा होते, जो शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभतो. आपले मोठे लेखकही अद्भुताकडे वळताना गाव सोडतात, हे मला यामुळे वेगळं दिसायला लागलं आहे. जी. ए. कुलकर्णी वास्तववादी कथेत धारवाड-बेळगावकडची माती, माणसं, घरं अगदी जवळून लिहितात. 'इस्किलार'मध्ये मात्र नावं, देवळं, समुद्र सगळं दूरचं, कुठलंच नसलेलं होतं. तो त्यांचा कलात्मक निर्णय होता आणि फळलाही. पण परिणाम असा झाला की भव्य आणि भयंकर काही घडवायचं तर ते इथे घडत नाही, अशी एक सवय मराठी वाचकाच्या कानाला लागली.

इथे घडू शकतं याचा पुरावा हवा असेल तर मंगरूळपीरहून वाशीम, रिसोड करत लोणारला जावं. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं, बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं विवर. लोकांनी त्याला बीळ म्हणून वाचलं. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहायचा, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, सरोवर म्हणजे त्याचं रक्त, अशी कथा सांगतात. (रामायणात शत्रुघ्न मारतो तो मथुरेचा लवणासुर निराळा, पण सांगणाऱ्यांना त्याची पर्वा नसते.) गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच विष्णूचं. आता या दैत्याला ड्रॅगनच्या तक्त्यात बसवून बघा. रंग नाही, पंख नाहीत. पण तो कशावर बसला होता हे त्याच्या नावातच आहे: लवण, म्हणजे मीठ. सरोवराचं पाणी खारं आहे आणि त्यातला क्षार पूर्वी काढून विकला जायचा. जमिनीने लोकांना जे दिलं त्याला त्यांनी मालक कल्पला आणि तो मालक मेल्यावर माल आपला झाला असं सांगितलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या संशोधकांनी त्याचं कारण क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांत शोधलं. कथेतल्या रक्ताशी त्याचा संबंध नाही, हे सांगायलाच हवं; पण लेखकाला असा योग फुकट मिळत असताना त्याने आल्प्सकडे का बघावं?

आपल्या कथांमध्ये मारणं हा शेवट क्वचितच असतो, हेही लिहिणाऱ्याच्या कामाचं आहे. पाणी अडवून पडलेल्या वृत्राला इंद्र मारतो. हा अही, म्हणजे सर्पच. पाणी मोकळं होतं, पण पुराणं सांगतात की इंद्राला ब्रह्महत्येचं पाप लागतं आणि देवांचा राजा लपून बसतो. कालिया मारला जात नाही, त्याला डोह सोडून जायला सांगतात. नागपंचमीच्या कहाणीत तर चूक शेतकऱ्याची आहे. त्याच्या नांगराने नागिणीची पिल्लं मरतात, ती सूड घेत येते, आणि तिला थांबवते ती तलवार नव्हे, पाटावर नागाची पूजा मांडून बसलेली मुलगी. फिर्यादी सर्प! इंग्रजी फँटसीला इथवर यायला बराच वेळ लागला. अर्सुला ले ग्विनच्या १९६८च्या पहिल्या 'अर्थसी' कादंबरीत गेड हा जादूगार येवॉड नावाच्या ड्रॅगनला बांधून टाकतो. १९९०च्या 'तेहानू'मध्ये मात्र ती सांगते की माणसं आणि ड्रॅगन मुळात एकच होते. काहींनी वस्तू जमवणं निवडलं, ती माणसं झाली. खजिन्यावर बसलेले आपणच, असा तो उलटा आरसा. मला ले ग्विन या सगळ्यांत मोठी वाटते, आणि तिच्याशी आपल्या कहाणीचं नातं टोल्किनपेक्षा जवळचं आहे.

मी स्वतः सध्या एक रचतो आहे, सुट्टीच्या दिवशी, हळूहळू. तो आमच्या भागातल्या काळ्या पाषाणाखाली आहे आणि पाण्यावर बसला आहे. संत्र्याचा बगीचा वाचवायचा म्हणून एक शेतकरी पाणाड्याला बोलावतो. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरतो, नारळ उभा राहतो तिथे तामिळनाडूची पाटी असलेली बोअरची गाडी लागते. तीनशे फूट, चारशे, पाचशे, नुसता फुफाटा. पहिल्या खर्ड्यात मी पाणाड्याला खरोखर काहीतरी जाणवतं असं लिहिलं होतं. ते काढलं. आता त्याला काही जाणवत नाही, हे त्याचं त्याला माहीत आहे, त्याचं पोट त्यावर आहे. प्राणी खरा आणि त्याला शोधून देणारा खोटा, एवढी फट ठेवली की कायद्याच्या अनुसूचीतला माणूस आणि माझ्या गोष्टीतला प्राणी एकमेकांना चिकटत नाहीत. गोष्ट लिहिताना मिळालेला हा एवढाच उपाय मला आत्तापर्यंत सापडला आहे. पाय किती ते ठरलेलं नाही. लागणारही नाहीत बहुधा.

नावाचा प्रश्न होता. 'ड्रॅगन' म्हटलं की आता वर्तमानपत्रात चीन आणि बाजारात फळ. गुजरातने २०२१ साली त्या फळाचं नाव कमलम केलं, आपल्याकडे ते ड्रॅगनच राहिलं. 'अजगर' म्हणजे खराखुरा, ओळखीचा साप. आमच्या गावात उर्दू कानावर पडते, तिथला 'अज़दहा' हा शब्द मला फार आवडतो, पण तो दास्तानांचा, पंख असलेल्या भव्यतेचा. विहिरीच्या काठावर तो उभा राहत नाही. ले ग्विनच्या जगात ड्रॅगनचं खरं नाव कळलं की तो ताब्यात येतो. येवॉड तसाच हरतो. आमच्याकडे उलट रीत आहे. रात्री सापाचं नाव घेऊ नये, लांबडं म्हणावं, जनावर म्हणावं. साप चावला असंही न म्हणता पान लागलं म्हणावं. माझ्या कथेतला पाणाड्या त्याला 'खालचा' म्हणतो. शेतकऱ्याची बायकोही तेच म्हणते, घाबरून. बोअरच्या गाडीवरची तमिळ पोरं त्याला काय म्हणतील, ते मला अजून ठरवायचं आहे.